बाळंतिणीला 'बाहेरचं' झालंय म्हणतात: भुतं, राखणदार आणि सुटकेची प्रार्थना

प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गातल्या एका गावात वीस-बावीस जणांची ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे. दोन वर्षांपूर्वी विश्वासात आलेल्या एका घरातली सून बाळंत होऊन बारा दिवस झाले. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा नाही, मधूनच वेगळ्या आवाजात बोलते, बाळ आपलं नाहीच म्हणते. शेजारी सांगतात, 'बाहेरचं' आहे, यंदा राखणदाराचा, गावाची राखण करणाऱ्या देवाचा, कोंबडा चुकवलात ना! सासू भगताकडे जाऊ म्हणते, मुलगा पाळकांना बोलवा म्हणतो. पवित्र शास्त्र भुतांबद्दल नेमकं काय शिकवतं, प्रार्थना कशी करायची, आणि इतर देशांतले विश्वासणारे अशा वेळी काय करतात?

आधी सून. बाकी सगळं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झोप पार उडणं, असंबद्ध बोलणं, बाळाविषयी भलतीच खात्री वाटणं, क्षणात हसू क्षणात रडू, हे बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकाराचं ठरलेलं चित्र आहे. दर हजार बाळंतिणींत साधारण एक-दोघींना तो होतो. औषधाने बरा होतो, पण दिवस घालवले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आजच, अंधार पडायच्या आत, तिला सरकारी रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८ला फोन करा. अंगात ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास येतो का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण बाळंतपणातला जंतुसंसर्ग डोक्यात गेला तरी माणूस असंच बरळतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही सल्ला मिळतो. तोवर बाळ आईजवळ ठेवायला हरकत नाही, पण एकटं नको. विहिरीकडे, परसात तिला एकटी सोडू नका.

कोकणात बाळंतपणात वारलेल्या बाईची हडळ किंवा अळवंतीण होते आणि ती ओल्या बाळंतिणीला धरते, अशी जुनी समजूत आहे. ज्या दिवसांत हा आजार उफाळतो, नेमक्या त्याच दिवसांवर या समजुतीचं बोट आहे. आपल्या आज्यांनी पाहिलं ते खरंच होतं, त्याला दिलेलं नाव वेगळं होतं. घरच्यांना हे असं सांगितलं तर ते ऐकतात. 'तुम्ही अडाणी' म्हटलं की तिला रातोरात भगताकडे नेतात.

आता शास्त्र काय म्हणतं. सगळा गुंता एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'भूत'.

मराठीत भूत म्हणजे मेलेल्याचं उरलेलं काहीतरी. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, इच्छा राहून गेलेला समंध होतो, पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. प्रत्येकाला पूर्वायुष्य आहे, नातं आहे, मागणी आहे. नव्या करारात मात्र मूळ ग्रीक शब्द 'दाइमोनियॉन' आहे, आणि त्याचं भाषांतर करताना आपल्या बायबलमध्ये 'भूत' आलं. शिष्यांनी येशूला पाण्यावरून चालताना पाहिलं आणि ते ओरडले, तिथे ग्रीकात 'फांतास्मा' असा निराळाच शब्द आहे, तरी मराठीत पुन्हा 'भूत'च. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही गोष्टी एक होतात. शिकवताना शक्य तिथे 'अशुद्ध आत्मा' म्हणा. तोही बायबलचाच शब्द आहे.

इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम आधार मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, शिकवणीत अशुद्ध आत्मे म्हणजे मेलेली माणसं नव्हेत. देवाविरुद्ध गेलेले दूत ते हेच, असं बहुतेक जण मानतात, आणि त्यासाठी २ पेत्र २:४, यहूदा ६ आणि प्रकटीकरण १२ दाखवतात. मेलेला माणूस परत फिरत नाही, यासाठी इब्री ९:२७ आणि लूक १६ मधला श्रीमंत माणूस व लाजर. तिथली दरी कुणालाच ओलांडता येत नाही. १ शमुवेल २८ मध्ये एंदोरची बाई शमुवेलाला वर आणते त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तो प्रसंग शौलाच्या अधःपाताचा आहे, अनुकरणाचा नाही, यावर दुमत नाही. तुमच्या मंडळीसाठी याचा सरळ अर्थ असा की सुनेच्या तोंडून कुणी 'मी तुझी गेलेली आत्या' म्हणालं, तर ती आत्या नाही. आजार बोलत असो वा अशुद्ध आत्मा, आत्या नक्कीच नाही. कोकणातल्या घराला यातून जो सुटकेचा श्वास मिळतो तो मोठा आहे, कारण अर्धी भीती आपल्याच माणसांच्या रागाची असते.

आजार आणि बाधा शास्त्र वेगळ्या मोजतं. मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती अशी तीन नावं शेजारी शेजारी येतात. मार्क ९ मधल्या मुलाला मात्र झटके येतात आणि येशू आत्म्याला दटावतो. त्यावरून प्रत्येक फेफरं म्हणजे भूत असा निष्कर्ष काढणारे मत्तय ४ विसरतात. मार्क ९च्या २९व्या वचनात काही प्रतींत 'प्रार्थनेने व उपासाने' असं आहे, सर्वांत जुन्या प्रतींत 'उपासाने' नाही. उपास करायचाच तर प्रार्थना करणाऱ्याने करावा. आजारी माणसाला, त्यातही अंगावर पाजणाऱ्या आईला, उपाशी ठेवणं हे पाप आहे, असं स्पष्ट म्हटलेलं बरं.

जगभरचा अनुभव इथे उपयोगी पडतो. चीनच्या शांतुंग प्रांतात काम करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी जॉन नेव्हियस यांनी १८७९मध्ये तिथल्या मिशनऱ्यांना या विषयावरची प्रश्नावली पाठवली. त्यांचं पुस्तक १८९४मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, निघालं. तिथल्या बाधितांच्या तोंडचा आत्मा कधी मेलेला माणूस असे, कधी कोल्हा, आणि तो धूप-नैवेद्य मागे. पश्चिम आफ्रिकेतल्या एवे लोकांत, जिथे जर्मनीच्या ब्रेमेनहून गेलेल्या मिशनने १८४७पासून काम केलं, तिथे जुने देवच भुतं ठरवले गेले. मग बाप्तिस्मा झालेल्यांच्या तोंडूनही तीच जुनी नावं बोलू लागली. फिलिपीन्समध्ये वारुळात राहणाऱ्या बुटक्या म्हाताऱ्याची परवानगी मागून लोक पुढे जातात. वारुळात सातेरी देवी पाहणाऱ्या कोकणी माणसाला हे सांगावंच लागत नाही. थायलंडमध्ये अंगणात जागेच्या मालकाचं छोटं घर असतं, त्याला रोज फुलं-पाणी. तिथला नवा विश्वासणारा विचारतो ते तुमच्याच प्रश्नासारखं आहे: हे बंद केलं तर घरावर काय येईल?

म्हणजे आत्मा जिथे बोलतो तिथल्या गावाचीच भाषा बोलतो. शांतुंगमध्ये कोल्हा, सावंतवाडीत मुंजा. हे डॉक्टरही सांगतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा झपाटल्याच्या अवस्थेला स्वतंत्र स्थान आहे, आणि गावच्या रूढीत, पूजेत बसणारा अवसार (अंगात येणं) त्यात आजार धरत नाहीत. विश्वासणाऱ्याला तर हे जास्तच कळायला हवं, कारण योहान ८:४४ सैतानाला लबाडीचा बाप म्हणतं. खोटारड्याची साक्ष आपण कुठल्या तोंडाने ग्राह्य धरायची? आत्म्याने सांगितलेलं नाव, गाव, कारण, कुणी करणी केली हा आरोप, यातलं काहीही पुरावा नाही.

माझ्या मते कोकणातल्या मंडळ्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. भगत विचारतो, 'कोण तू? कुठून आलास? काय घेऊन जाशील?' आणि समोरची बाई लहानपणापासून पाहिलेलं सगळं पार पाडते. पाळकाने गळ्यात क्रूस घालून हेच तीन प्रश्न विचारले तर तोच खेळ पुन्हा होतो, फक्त कोंबड्याऐवजी दुसरी मागणी येते. मार्क ५ मध्ये, आत्मे डुकरांच्या कळपात शिरतात त्या प्रसंगात, येशूने आत्म्याला नाव विचारलं, हे खरं. पण एकदाच, आणि मुलाखत घेतली नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल फिलिप्पैमधल्या दासीतल्या आत्म्याला एका वाक्यात निघायला सांगतो. कृत्ये १९ मधले स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरतात आणि उघडे, घायाळ होऊन पळतात. नाव मंत्र नाही, हे सांगायला याहून ठसठशीत प्रसंग नाही. आत्म्याने 'जावेने केलं' म्हटलं आणि पाळकाने मान डोलावली, की दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या तुटतात. नायजेरियात अशाच आरोपांनी लहान मुलं चेटकी ठरवून घराबाहेर काढली गेली. शेवटी अक्वा इबोम राज्याला २००८मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

प्रार्थना करावी का? जरूर करावी. रुग्णालयातून औषध सुरू झाल्यावर, डॉक्टरांना न लपवता, आणि सुनेची स्वतःची इच्छा असेल तरच. ती भानावर असेल अशी वेळ निवडा. नवऱ्याने हो म्हटलं म्हणजे तिने म्हटलं असं होत नाही.

दोघं किंवा तिघंच जण असावेत, त्यांत एक तरी अनुभवी स्त्री, आणि घरचं एक माणूस. वेळ दिवसाची, तिचं जेवण आणि औषध झाल्यानंतरची. दार उघडं, पंखा चालू, बाळ दुसऱ्या खोलीत आजीकडे. माईक, ढोल, मोबाइलवर चित्रीकरण यांतलं काही नको. आधी शांतपणे एक उतारा वाचा. मार्क ५ पेक्षा स्तोत्र २३ किंवा रोमकरांस ८:३८-३९ बरं, कारण थकलेल्या बाईला डुकरांच्या कळपाची नाही, देवाच्या प्रीतीची गोष्ट लागते. मग तिला बोलू द्या. काही कबूल करायचं असेल, कुणाला क्षमा करायची असेल, ते तिने तिच्या शब्दांत करावं, तुम्ही शब्द तोंडात घालू नका. हात ठेवायचा तर स्त्रीने, विचारून, खांद्यावर. त्यानंतर येशूच्या नावाने छोटी, साधी आज्ञा आणि तिच्यासाठी देवाकडे विनंती. आवाज नेहमीचा ठेवा. कर्ण्याच्या पट्टीत ओरडल्याने अधिकार वाढत नाही, रोग्याची छाती मात्र धडधडते आणि अंगात येण्याची अवस्था आणखी खोल जाते. अर्ध्या-पाऊण तासात थांबा. तिने 'पुरे' म्हटलं तर त्याच क्षणी थांबा.

मध्येच झटका आला तर प्रार्थना बाजूला. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात चमचा-कांदा-चप्पल काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांपुढे गेलं की १०८.

औषध बंद करायला कधीही सांगू नका. 'विश्वास असेल तर गोळी कशाला' हे वाक्य माणसं मारतं. जर्मनीत १९७६मध्ये आनेलीझे मिशेल ही तरुणी सदुसष्ट वेळा भूत काढण्याचे विधी झाल्यानंतर अन्नाअभावी मेली. तिच्यावर आधी फेफऱ्याचे उपचार झालेले होते. ते विधी कॅथलिक होते, पण धडा सगळ्यांना सारखाच लागू आहे. तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना न्यायालयाने दोषी ठरवलं. आपल्याकडे महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत काढण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चटके देणं याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि कायदा भगत-पाळक असा भेद करत नाही. तेल लावण्याला याकोब ५:१४चा आधार आहे, पण ते तेल बाटलीत भरून पैशाने विकलं की तो अंगाराच झाला. प्रार्थनेसाठी एक रुपयाही घेऊ नका. नारळही नको.

विश्वासणाऱ्याला बाधा होऊ शकते का, यावर इव्हँजेलिकलांत जुना वाद आहे. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाने १९७२मध्ये लेखी भूमिका घेतली की ज्याच्यात पवित्र आत्मा राहतो त्याचा ताबा भूत घेऊ शकत नाही. दुसरे म्हणतात, ग्रीक 'दाइमोनिझोमाय' या क्रियापदात मालकीचा अर्थच नाही, छळ म्हणा, ताबा म्हणू नका. घरी हा वाद नेऊ नका. 'तू खरी विश्वासणारी असतीस तर असं झालं नसतं' एवढंच त्यातून तिच्या कानावर पडतं.

राहिला राखणदार. पौलाने करिंथकरांना एकाच पत्रात दोन गोष्टी लिहिल्या: मूर्ती म्हणजे काहीच नाही (८:४), आणि तिला केलेला यज्ञ भुतांना जातो (१०:२०). इव्हँजेलिकल दोन्ही धरतात. झाड, दगड, वारूळ यांत स्वतःची शक्ती नाही, पण त्यांच्या भीतीने जो करार माणूस करतो त्यात अशुद्ध आत्मा शिरकाव करतो. म्हणून कोंबडा बंद, भीतीही बंद. पण बंद कसं करायचं याला रीत आहे. गावरहाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रूढ व्यवस्थेत, बारा-पाचाचे मानकरी असतात, देवळात कौल लागतो, गाऱ्हाणं घातलं जातं. तुमच्या घराने हिस्सा चोरून टाळला तर गाव ते फसवणूक समजतं. घरकर्त्याने मानकऱ्यांना आधी भेटून नम्रपणे सांगावं की आमचा यापुढे यात भाग नाही, रस्ता, पाणी, शाळेच्या वर्गणीत आम्ही पहिले असू. प्रसादाचं मटण शेजाऱ्याने पाठवलं तर १ करिंथकरांस १०:२५-२८ वाचा. उत्तर तिथे जवळजवळ तयार आहे.

एक इशारा आधीच घरच्यांना द्या. पहिल्या वर्षी काहीतरी होणारच. वादळात माड पडेल, गाय आटेल, कुणाचा पाय मोडेल, कारण कोकणात दर वर्षी हे होतंच. गाव म्हणेल, बघा! ज्या घराला हे अगोदर सांगितलेलं असतं ते घर हलत नाही.

झाड तोडू नका, दगडाला पाय लावू नका, दुसऱ्याच्या देव्हाऱ्याला हात लावू नका. एकत्र कुटुंबातला देव्हारा सासऱ्याचा असेल तर तो सासऱ्याचाच. इफिसमध्ये (कृत्ये १९) जाळलेली जादूची पुस्तकं पन्नास हजार रौप्यमुद्रांची होती, पण ती ज्यांची होती त्यांनीच जाळली. आणि त्याच अध्यायाच्या ३७व्या वचनात शहराचा कारभारी म्हणतो की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत, आमच्या देवीची निंदा करणारी नाहीत. पौलाच्या सोबत्यांबद्दल विरोधकांच्या गावात असं म्हटलं जाई, हे प्रत्येक तरुण प्रचारकाने पाठ करावं. स्वतःचा गंडा-ताईत मात्र ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने काढावा.

काही जण आता म्हणतील की गावच्या शिवेवर फिरून, ग्रामदेव रवळनाथाचं नाव घेऊन त्या प्रदेशाच्या आत्म्याला बांधू या. दानीएल १०:१३ वरून ही शिकवण १९९०च्या दशकात पीटर वॅग्नर यांनी जगभर पसरवली. जगभरच्या इव्हँजेलिकलांच्या लोझान चळवळीच्या १९९३च्या निवेदनाने अशा युद्धाच्या भाषेबद्दल आणि सैतानाकडेच डोळे लावून बसण्याबद्दल सावध केलं. कोकणात तर ही शिकवण फारच सहज रुजते, कारण गावरहाटीत शीव आणि तिचा राखणदार आधीपासून आहेत. विश्वासणारा जुन्याच नकाशावर चालत राहतो, फक्त बाजू बदलून. गावासाठी प्रार्थना करायची तर गावातल्या माणसांची नावं घ्या.

सून घरी आल्यावर मत्तय १२:४३-४५ लक्षात ठेवा, निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो त्या झाडून स्वच्छ केलेल्या रिकाम्या घराची गोष्ट. पहिले दोन आठवडे रोज मंडळीतली एक बाई तिच्याकडे जावी, पण प्रवचन द्यायला नव्हे. बाळ घेऊन दोन तास तिला झोपू द्यावं, पेज करून द्यावी, गोळी घेतली का विचारावं, मग एक स्तोत्र. या आजारात झोप हेच अर्धं औषध आहे. साक्ष द्यायला तिला पुढे उभी करू नका. 'माझ्यातून भूत गेलं' हे वाक्य गावात कायमचं तिला चिकटतं आणि तिच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोचतं.

आणि हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: पुढच्या बाळंतपणात हा आजार परत होण्याची शक्यता बरीच जास्त असते. दिवस राहिल्याचं कळताच तो कागद घेऊन मनोविकारतज्ज्ञांना भेटायचं, झोपेची आणि औषधाची व्यवस्था आधीच ठरवायची. म्हणजे त्या वेळी पहिल्या रात्री झोप उडाली की घरचे दवाखान्याची वाट धरतील, आणि राखणदार परत आला का, हे विचारायला कुणी कौल लावायला जाणार नाही.